देवळासाठी कॅमेरे घेताना



तुरीची रास घरी आली आणि हातात चार पैसे आले, की बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील आपल्या लहान लहान धर्मग्रामांत देवळाच्या कामासाठी बैठकी भरू लागतात. छपराची गळती, आवाराची भिंत, घंटेचा दोर हे जुने विषय असतातच. अलीकडे त्यांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. सणाच्या मिस्साचे, लग्नाचे, मुलांच्या प्रथम कम्युनियनचे चित्रमुद्रण करण्यासाठी यंत्रे घ्यावीत काय, आणि घ्यावयाची तर किती चॅनेलची? एक म्हणतो चार, दुसरा म्हणतो आठ. तिसरा लगेच सांगतो की, सोळा चॅनेलचे यंत्र थोड्याच अधिक पैशांत मिळते, मग कमी कशास घ्यावे?

चॅनेल म्हणजे एका कॅमेऱ्याचे चित्र यंत्रात येण्याची एक वाट, इतकेच. वाटा पुष्कळ असल्या म्हणून घरी येणारा पाहुणा मोलाचा ठरतो असे नाही. हा धडा आमच्या गावाला कसा मिळाला ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याही बैठकीत हाच विषय निघाला. आम्ही स्वस्ताईवर भुललो आणि आठ चॅनेलचे यंत्र व आठ लहान कॅमेरे घेऊन भिंतींवर बसविले. पुढच्या सणाला आमच्या वृद्ध मास्तरांनी संतांची लितानी मराठीत म्हटली. पन्नास वर्षे तेच ती म्हणत आले होते. तिची जुनी चाल त्यांच्याखेरीज कोणास पुरती येत नव्हती. दोन महिन्यांनी मास्तर प्रभुघरी गेले. मातीनंतर त्यांची लेक माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, सणाच्या दिवशीचा बाबांचा आवाज तेवढा ऐकवा हो." आम्ही यंत्र उघडले. त्यात मास्तर नव्हतेच. ते यंत्र पहाऱ्याचे होते. तबकडी भरली की जुने पुसून त्यावर नवे लिहावे, हा त्याचा धर्म. आणि कोणी वेळीच प्रत काढून ठेवली नव्हती. प्रत असती तरी उपयोग नव्हता, कारण त्या कॅमेऱ्यांना माईकच नव्हते. त्या मुलीला काय उत्तर द्यावे हे मला सुचेना. दोष दुकानदाराचा नव्हता. काय हवे आहे हे आम्हीच ठरविले नव्हते.

यास्तव पहिली गोष्ट ही की, पहाऱ्याचे यंत्र आणि उपासनेच्या चित्रमुद्रणाचे यंत्र ही दोन निराळी अवजारे आहेत. दानपेटीवर लक्ष ठेवावयाचे असेल तर पहिले घ्यावे. मिस्सा व सण जपून ठेवावयाचे असतील तर दोन किंवा तीन चांगले कॅमेरे आणि त्यांची चित्रे एकत्र आणणारा एक लहान 'स्विचर' घ्यावा. स्विचरवर बसलेला मनुष्य बटण दाबून कधी वेदीचे, कधी वाचनमंचाचे, कधी गायनवृंदाचे चित्र पुढे आणतो. काही स्विचर असे असतात की, निवडलेले चित्र तर मुद्रित होतेच, शिवाय प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्रही निराळे जपले जाते. ऐन वेळी चुकीचे बटण दाबले गेले तर घरी बसून सुधारता येते. नवशिक्या हातांसाठी ही सोय फार मोलाची आहे. चार वाटांचा असा स्विचर आपल्या कोणत्याही खेड्यातील देवळाला पुरून उरेल.

दुसरी गोष्ट आवाजाची. चित्र थोडे अंधुक असले तरी मनुष्य सहन करतो; शब्द कळेनासे झाले की तो यंत्र बंद करतो. कॅमेऱ्यावरचा माईक वीस हात दूर असतो आणि त्याला पंख्याची घरघरच अधिक ऐकू येते. म्हणून लाऊडस्पीकरच्या मिक्सरमधून एक तार थेट मुद्रणयंत्राकडे न्यावी. परंतु तेवढ्याने भागत नाही. मिक्सरमधून फक्त माईकपुढे बोलणाऱ्यांचा आवाज येतो. मागे बाकांवर गाणारे लोक त्यात नसतात. त्यांच्यासाठी देवळाच्या मध्यभागी आणखी एक माईक टांगावा. लोकांच्या उत्तराविना लितानी कसली?

येथे एक जुनी गोष्ट आठवते. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यांत दूरदर्शन दाखविण्याचा मोठा प्रयोग आपल्या देशात झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यासाठी निवडली होती, आणि कर्नाटकातील गुलबर्गा, रायचूर व विजापूर हे जिल्हे त्यांत होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची दहा फूट रुंदीची छत्री आणि एक संच, असा तो सरंजाम असे. त्या योजनेत एका चित्राबरोबर दोन ध्वनिवाहिन्या पाठविण्याची सोय होती, म्हणजे तेच चित्र दोन भाषांत ऐकविता यावे. कॅमेऱ्यांच्या संख्येवर वाद घालणाऱ्या आपण ही युक्ती ध्यानात घेण्यासारखी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने आपण कर्नाटकात आलो. शाळा व कचेरी कन्नडात, आजीची प्रार्थना मराठीत, आणि हैदराबादेस कामाला गेलेल्या मुलाच्या तोंडी तेलुगू व उर्दू, अशी आपली घरे आहेत. कन्नड प्रवचनाचा मराठी सारांश कोणी सांगत असेल तर तो निराळ्या ध्वनिवाहिनीवर घ्यावा. चित्र एकच राहील. पुण्यामुंबईच्या नातलगांना मराठी प्रत जाईल, गावच्या पोरांना कन्नड.

आता विजेकडे वळू. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि मुद्रण चालू असताना ती गेली तर ती फाईल पुढे उघडतच नाही असेही घडते. म्हणून कॅमेरा एक कमी घ्यावा, परंतु यंत्रांसाठी बॅटरीवर चालणारा यू.पी.एस. अवश्य घ्यावा. कलबुर्गीचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. यंत्र पत्र्याखाली बंद पेटीत कोंडू नये, त्याला वारा मिळावा. तारांचेही तसेच. नेहमीची एच.डी.एम.आय. तार पंधरा मीटरपलीकडे भरवशाची राहत नाही. गायनवृंदाच्या माडीपासून वेदीपर्यंतचे अंतर आधी मोजावे, आणि ते अधिक असेल तर शंभर मीटरपर्यंत चित्र नेणारी एस.डी.आय. पद्धतीची तार लागेल हे खर्चात धरावे. आपल्या विजेची आवर्तने सेकंदाला ५० आहेत. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रांवर व शटर पन्नासाव्या भागावर ठेवला म्हणजे ट्यूबलाइटच्या प्रकाशात चित्र लुकलुकत नाही.

जागेचा हिशेबही आधीच करावा. सेकंदाला वीस मेगाबिट या बेताच्या दराने एका कॅमेऱ्याचे तासाभराचे मुद्रण सुमारे ९ जीबी होते. तीन कॅमेरे आणि निवडलेले चौथे चित्र मिळून तासाला ३६, म्हणजे दोन तासांच्या सणाला ७२ जीबी. ५०० जीबीची तबकडी सहा सणांत भरते. प्रत्येक मुद्रणाच्या दोन प्रती कराव्यात. एक फादरांच्या घरी, दुसरी अन्यत्र ठेवावी, आणि वर तारीख लिहावी. आमचे मास्तर गमावले ते या एका कामाच्या आळसापायी.

यंत्रांपलीकडेही एक विचार आहे. वेदी ही रंगभूमी नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या आपल्या संविधानात सांगितले की, पवित्र विधींचे प्रक्षेपण संयमाने व प्रतिष्ठेने व्हावे आणि त्यासाठी महागुरूंनी नेमलेल्या योग्य व्यक्तीचे मार्गदर्शन असावे. २००५ पासून आपल्याला गुलबर्गा धर्मप्रांत आहे. बसविण्यापूर्वी तेथे विचारावे. कॅमेरे खांबांपाशी स्थिर असावेत. ख्रिस्तशरीर घेणाऱ्यांच्या मध्ये तिपाई घेऊन कोणी धावू नये. पापनिवेदनाच्या जागेकडे कॅमेरा वा माईक कधीही वळू नये. मुलांचे चित्र घराबाहेर पाठविण्यापूर्वी आईबापांची संमती घ्यावी, आणि शोक करणाऱ्या कुटुंबावर भिंग रोखू नये.

कोणी म्हणेल, मग हा खटाटोप करावाच कशाला? त्याचे उत्तर मार्च २०२० ने दिले आहे. कोरोनाने देशात झालेला पहिला मृत्यू आपल्या कलबुर्गीत नोंदला गेला, आणि थोड्याच दिवसांत देवळांची दारे बंद झाली. तेव्हा घरोघर लहानशा पडद्यावर मिस्सा पाहिला गेला. त्याच वर्षी रोमहून पत्र आले की, प्रक्षेपण हे आजाऱ्यांची मोठी सेवा करते, परंतु प्रत्यक्ष सहभागाची जागा कोणतेही प्रक्षेपण घेऊ शकत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. धडधाकट मनुष्याने खाटेवर बसून मिस्सा पाहावा यासाठी कॅमेरे नकोत. जी आजी खाटेवरून उठू शकत नाही, जो मुलगा सुटी न मिळाल्याने सणाला येऊ शकत नाही, त्यांच्यासाठी ते हवेत.

म्हणून बैठकीत दरपत्रक उघडण्यापूर्वी चार प्रश्न विचारावे. हे कोणासाठी? आवाज कोठून घ्यावयाचा? वीज गेली तर काय? आणि दर रविवारी हे यंत्र चालविणारी, प्रती काढून ठेवणारी दोन माणसे कोण? चौथ्या प्रश्नाला नावे मिळाली नाहीत तर पैसे छपराला लावावेत.

आणि एक काम मात्र यंत्रांची वाट न पाहता करता येईल. तुमच्या गावात जुनी गीते व प्रार्थना येणारे कोणी वृद्ध असतील, तर येत्या रविवारी मिस्सानंतर त्यांच्याजवळ बसा, पंखा बंद करा, घरातला फोन त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर धरा आणि त्यांना म्हणू द्या. त्याच संध्याकाळी प्रत काढा. आमच्या मास्तरांच्या लेकीला जे देता आले नाही, ते तुमच्या घरी कोणाला तरी देता येईल.