बातमीची उलटतपासणी

ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या अक्षर नाकारले गेले, त्याला छापील शब्दाविषयी आदर वाटावा हे स्वाभाविकच होय. परंतु 'वर्तमानपत्रात आले म्हणजे खरे' ही समजूत जुन्या पोथीप्रामाण्याचीच नवी आवृत्ती आहे. न्यायालयात साक्षीदार शपथेवर बोलतो, तरी त्याची उलटतपासणी होते. बातमी तर शपथेवरही नसते.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. आरंभीच्या काही वृत्तांत हत्येचे कारण म्हणून अनैतिक संबंध पुढे करण्यात आले. त्या कुटुंबाचा जमिनीचा वाद आणि मायलेकींनी मारहाणीच्या एका प्रकरणात दिलेली साक्ष मागे पडली. २००८ साली भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले. पण मृत स्त्रीच्या चारित्र्यावर उडविलेला शिंतोडा पुसण्याची जबाबदारी कोणी घेतली?

म्हणून प्रत्येक बातमीस चार प्रश्न विचारावे. पहिला, सांगणारा कोण? 'गावकरी म्हणतात' असे लिहिले असेल, तर त्या गावकऱ्यांत आपली वस्ती धरली आहे काय? दुसरा, कर्ता कोठे आहे? गुन्हा सिद्ध होईतो 'आरोपी' म्हणणे न्याय्यच. पण एकाने मारले व दुसऱ्याने सोसले, त्यास 'दोन गटांत हाणामारी' म्हणणे हा न्याय नव्हे. तिसरा, मथळा व मजकूर यांचा मेळ बसतो काय? चौथा, काय गाळले? गुन्हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली नोंदला की नाही, हे सांगितले आहे काय?

प्रत्येक पक्षपात दुष्टबुद्धीनेच होतो असे नाही. २००६ साली दिल्लीतील ३७ हिंदी व इंग्रजी वृत्तमाध्यमांतील ३१५ वरिष्ठ निर्णयकर्त्यांची पाहणी झाली. तीत एकही दलित वा आदिवासी आढळला नाही. ज्या मेजाभोवती आपल्यापैकी कोणीच नाही, तेथे आपले दुःख किरकोळ ठरले तर नवल काय?

मात्र हीच कसोटी आपल्याला गोड वाटणाऱ्या बातमीस, मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशास आणि या पाक्षिकासही लावावी. आपल्या बाजूचे असत्य हेही असत्यच.

बातमी चुकीची आढळल्यास केवळ संताप करून भागणार नाही. कात्रण तारखेसह जपावे, संपादकास पुराव्यानिशी लेखी कळवावे, आणि दाद न मिळाल्यास प्रेस कौन्सिलकडे तक्रार करावी. दैनिक व साप्ताहिकाबाबत ही मुदत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांची आहे. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताकीद देऊ शकते वा निषेध नोंदवू शकते. परंतु लेखी नोंद उरते. ज्यांची बाजू आजवर कोठेच नोंदली गेली नाही, त्यांनी या नोंदीचे मोल कमी लेखू नये.