फुकटचं नत्र

गणपतीत सगळे घरी जमले होते. माझा भाचा म्हणाला, "मामा, भुईमुगाच्या मुळाला जे फुकट जमतं त्याची नक्कल करायला प्रयोगशाळेत पैसे कशाला घालायचे?" सगळे हसले. मी तेव्हा गप्प बसलो, म्हणून आता लिहितो.

पहिली गोष्ट, फुकट काहीच नाही. नत्राच्या एका रेणूमागे मुळाच्या गाठीतला जिवाणू एटीपीचे निदान १६ रेणू खर्चतो, आणि त्याची साखर झाड भरतं. तरी हे काम तो आपल्या नेसरीच्या रानात, भर पावसाळी गारव्यात करतो. खतकारखान्याला त्यासाठी चारशेच्या वर अंश सेल्सिअस उष्णता आणि हवेच्या दीडदोनशे पट दाब लागतो. हा फरक कशामुळे, हे विचारणं उधळपट्टी कशी?

जिवाणूच्या विकराचा गाभा म्हणजे लोखंडाचे सात, गंधकाचे नऊ आणि मॉलिब्डेनमचा एक अणू. क्ष-किरणांनी १९९२ साली त्याचा आराखडा मिळाला. मधली जागा मात्र रिकामी दिसली. तिथे एक हलका अणू आहे हे २००२ मध्ये कळलं, आणि तो कार्बन आहे हे २०११ मध्ये! भोवतालच्या जड अणूंच्या तरंगांनी तो पुसून टाकला होता. "फोटो काढला की झालं" म्हणणाऱ्यांनी ही एकोणीस वर्षं मोजावीत.

नक्कल उपयोगी पडते ती इथेच. रिचर्ड होम यांनी १९७२ मध्ये चार लोखंड, चार गंधक असा घन प्रथिनाशिवाय चंबूत घडवला. स्फटिक तपासला तर सजीवांतल्या फेरेडॉक्सिनमधला तोच घन! म्हणजे हा घन जुळायला प्रथिन लागतंच असं नाही, हे कळलं. नत्राचा मोठा गाभा हुबेहूब घडवणं मात्र पन्नास वर्षांच्या खटपटीनंतरही महाकठीण आहे. म्हणून काय सोडून द्यायचं?

खरं तर भाच्यापेक्षा मीच जास्त दोषी. मी मराठीचा बी.ए., पण गावच्या शाळेत विज्ञानाचे तासही घ्यावे लागत. "जिवाणू नत्र स्थिर करतात" हे वाक्य वर्षानुवर्षं मी फळ्यावर लिहून पाठ करून घेतलं. कसं करतात, हे एकाही पोराने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्याला खाली बसवलं असतं.

असो. भाच्याच्या पडवीत युरियाची पोती रचलेली आहेत. पुढच्या पावसाळ्यात त्याला रानात नेऊन, भुईमुगाचं एक रोप उपटून गाठ नखाने फोडून दाखवणार आहे. आतून लालसर निघाली तर ती कामात आहे.