संपर्क कोणाचा तुटला?

दरवर्षी आषाढ-श्रावणात आपल्या वर्तमानपत्रांतून एक ठराविक बातमी येते. छापखान्यात तिचा ठोकळाच तयार असावा; तारीख तेवढी बदलायची. 'पर्लकोटेला पूर, भामरागडचा संपर्क तुटला.' चहाच्या घोटाबरोबर आपण ती वाचतो, 'अरेरे' म्हणतो नि पान उलटतो.

माझे भांडण पुराशी नाही. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा अशा तीन नद्या ज्या गावाशी एकत्र येतात तेथे पूर यायचाच. माझे भांडण त्या वाक्याशी आहे. 'संपर्क तुटला' म्हटले की जणू काही एरवी तो होता, पावसाने घात केला, आणि पाणी ओसरले की पुन्हा सगळे सुरळीत. पर्लकोटेवरचा ठेंगणा पूल दरवर्षी बुडत आला तो नदीच्या लहरीमुळे, असे आपण मानतो. नदी तेथे आपल्या आधीपासून आहे. तिची उंची ठाऊक असून ज्यांनी पूल तिच्यापेक्षा ठेंगणा बांधला त्यांचे नाव त्या बातमीत कधी येत नाही. तेथे आता उंच पूल बांधायला घेतला आहे हे खरे; पण त्यासाठी किती पिढ्यांना पाणी ओसरण्याची वाट पाहावी लागली, याचा हिशेब कोणी मागितलेला मला आठवत नाही.

दिवाळीच्या अंकात, चकली-अनारशांच्या ताटाशेजारी, हा असला विषय कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने आपल्या घरात एकदा नजर फिरवावी. आजोबांच्या वाड्याची तुळई, देवघराची चौकट, जुना झोपाळा यांतले सागवान कदाचित आलापल्लीच्या जंगलातले असेल. ज्या वह्यांवर तुमची मुले अक्षरे गिरवून शहाणी झाली त्यांतल्या काही तरी बल्लारपूरच्या कागदाच्या असतील, आणि त्या कागदातला बांबू याच रानातला असेल. तेव्हा अहेरीशी आपला संबंध नाही असे समजू नये. संबंध आहे, तो एकाच दिशेने आहे, एवढेच.

अहेरीहून सहा-सात किलोमीटरवर आलापल्ली. तेथल्या चौकातून रस्ते फुटतात. एक आष्टीकडून चंद्रपूर-गडचिरोलीकडे जातो. एक दक्षिणेला रेपनपल्ली, उमानूर, जिमलगट्टा, बामणी अशी गावे घेत सुमारे शंभर किलोमीटरवरच्या सिरोंच्याला. एक पेरमिली, ताडगाव, हेमलकसा करीत भामरागडला. एक एटापल्लीला. यांतला सिरोंच्याचा रस्ता पूर्वी राज्यमार्ग होता, आता तो राष्ट्रीय महामार्ग ३५३-सी झाला आहे. नाव वाढले. भामरागडच्या वाटेवर आलापल्लीपासून सोळा किलोमीटरवर 'वनवैभव' म्हणून राखलेला जुन्या सागाचा तुकडा आहे. १९५३ पासून त्याला कुऱ्हाड लावायची नाही असा नियम आहे. प्रवासी तेथे उतरतात, मान वर करून पाहतात, खूष होतात. पाहण्यासारखेच आहे ते. पण त्याच रस्त्याच्या कडेला, नाल्यापलीकडे जे टोले आहेत, त्यांच्याकडे मान वळवायला कोणी उतरत नाही.

२०२२ च्या श्रावणात मी त्या चौकात एका टपरीच्या आडोशाला बसची वाट पाहत उभा होतो. पावसाची झड लागलेली. समोरून सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक चाललेले. एक गेला की दुसरा. प्रथम मी मोजत होतो, मग मोजायचे सोडून दिले. रस्त्याची अशी दैना झालेली की डांबर कोठले नि चिखल कोठला हे चाकालाच कळावे. शेजारी एक म्हातारी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बसली होती. मी विचारले, "आजी, बस कधी येते?" ती म्हणाली, "येते जी. पानी आला तं नाही येत." मी ट्रकांकडे बोट दाखवून म्हणालो, "आणि हे?" तिने माझ्याकडे असे पाहिले की शहरातल्या माणसाला एवढेही कळू नये याची तिला कीव वाटली असावी. "ते तं येतेच जी."

या 'येतेच'चा इतिहास जुना आहे. १८६० नंतरच्या दशकात सर आर्थर कॉटन यांच्या आग्रहाने गोदावरी आणि प्राणहिता या नद्यांतून नौकांचा मार्ग काढण्याचा घाट इंग्रज सरकारने घातला होता. नदीत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: एक दुम्मागुडमला, दुसरा एंचमपल्लीजवळ, आणि तिसरा अहेरीच्या अंगणातच म्हणावा असा, देवलमरीपाशी. हे अडथळे ओलांडून जायचे कशासाठी? वऱ्हाड-वर्ध्याकडचा कापूस पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराला न्यायचा म्हणून. खर्च पेलेना, १८७१ मध्ये काम सोडून दिले. देवलमरीच्या माणसाला त्या मार्गाने कोठे जायचे असेल काय, हा प्रश्न त्या काळच्या साहेबाला पडला नाही, याबद्दल मी त्याला फार दोष देत नाही. तो व्यापारी होता. पण त्याच्यामागून आलेले आपण कोण होतो? कापूस गेला, सागवान आले, मग बांबू, तेंदूपत्ता, आता लोखंड. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान निघाले तेव्हा केवढी मिरवणूक निघाली! लाकडाला वाट मिळाली याचे मला दुःख नाही. ज्या जंगलातून असे लाकूड येते तेथली बाळंतीण खाटेवरून, चौघांच्या खांद्यावर, नाला तुडवीत येते, तिच्यासाठीही कधी ढोल वाजवले असते तर बरे झाले असते.

आता हिशेबाकडे वळू, कारण अन्यायाचे मूळ बहुधा हिशेबाच्या वहीत सापडते. आपल्या देशातल्या रस्त्यांची पहिली मोठी आखणी १९४३ मध्ये झाली; ती नागपूरला झाली म्हणून तिला 'नागपूर योजना' म्हणतात. राष्ट्रीय मार्ग, राज्यमार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही रस्त्यांची जातवारी तिच्यातूनच रूढ झाली. मुख्य रस्ते किती मैल असावेत याचे तिने एक सूत्र बसवले. शेतीखालच्या प्रत्येक पाच चौरस मैलांमागे एक मैल, आणि शेती नसलेल्या प्रत्येक वीस चौरस मैलांमागे एक मैल. वाचकांनी हे दोन आकडे जरा शेजारी ठेवून पाहावेत. म्हणजे रानातल्या जमिनीची किंमत नांगरलेल्या जमिनीच्या चवथाई. विकसित शेतीच्या मुलखात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये अशी त्यांची कळकळ होती. जंगलातल्या गावाला ती लागू नव्हती. विद्वान इंजिनियर होते ते, दुष्ट नव्हते. गाडीभर धान्य जेथून निघेल तेथे रस्ता, असा त्यांचा विचार. पण अहेरीच्या पाठीवर सगळे रानच, नि ते नागपूरच्या खुर्चीवरून फार लांब नव्हते.

पुढे २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना निघाली. तिने मैलांऐवजी माणसे मोजली. हे निश्चितच पुढचे पाऊल. मैदानी मुलखात पाचशे वस्तीच्या गावाला रस्ता, डोंगरी आणि आदिवासी मुलखात अडीचशेच्या. नंतर नक्षलग्रस्त भागात ही अट शंभरापर्यंत खाली आली. परंतु माडियांचे टोले असे आकडे पाहून वसलेले नाहीत. वीस घरे येथे, बारा घरे डोंगराआड. ज्याची नोंद शंभरात बसत नाही तो आजारी पडत नाही काय?

कोणी म्हणतात, आदिवासींना रस्ता नकोच असतो. रस्त्याने दारू येते, सावकार येतो, ठेकेदार येतो. त्यांना त्यांच्या निसर्गात सुखाने राहू द्या. हे म्हणणारे बहुधा पुण्या-मुंबईच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, आणि त्यांच्या घरापासून दवाखाना हाकेच्या अंतरावर असतो. त्यांच्या म्हणण्यात खऱ्याचा अंश आहे हे मी नाकारीत नाही. २०२३ मध्ये एटापल्ली तालुक्यात तोडगट्टा येथे गावकरी महिनोन् महिने धरणे धरून बसले होते. नव्या खाणींना आणि त्यांच्यासाठी होणाऱ्या रुंद रस्त्याला त्यांचा विरोध होता. त्यांना दवाखाना, शाळा, जाण्यायेण्यापुरती सडक हवीच होती. दोन ट्रक शेजारून जातील एवढी रुंदी कोणासाठी, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि तो मला त्या तिसऱ्या मजल्यावरच्या सर्व काव्याहून शहाणा वाटतो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते धरणे उठवण्यात आले.

दुसरे म्हणतात, तुम्ही नक्षलवाद्यांना विसरता. मी कसा विसरेन? १९८० पासून या मुलखात बंदूक शिरली; पूल उडवले गेले, सुरुंग पेरले गेले, रस्त्याच्या कामावरची यंत्रे जाळली गेली. ज्यांनी हे आदिवासींच्या नावाने केले त्यांनी आदिवासीच्या दारातला रस्ता चाळीस वर्षे मागे ढकलला, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्यांच्या भीतीने शिक्षक शाळेत गेला नाही, डॉक्टर टिकला नाही, आणि ठेकेदाराला अर्धवट कामाची सबब आयती मिळाली. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचा बडा नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. सबब संपत आली आहे. आता रपटा का झाला नाही, याचे उत्तर बंदुकीकडे बोट दाखवून देता येणार नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. विरळ वस्ती, अवघड रान, वनखात्याची परवानगी. परवानगीचे म्हणाल तर २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाच्या रस्त्यासाठी, एक हेक्टराच्या आत आणि हेक्टरी पंचाहत्तर झाडांच्या मर्यादेत, ग्रामसभेच्या शिफारशीने वाट मोकळी ठेवली आहे. एक हेक्टर! तीन-साडेतीन मीटर रुंदीचा जवळजवळ तीन किलोमीटर रस्ता त्यात बसतो, म्हणजे कित्येक टोल्यांची सोय. आणि पैशाचे म्हणाल तर जुलै २०२५ मध्ये याच जिल्ह्यात लोहखनिजाचा गाळ वाहून नेण्यासाठी हेडरीपासून कोनसरीपर्यंत पंचाऐंशी किलोमीटरची नळवाट सुरू झाली. खनिज आता पावसाची वाट पाहत नाही, पूर आला तरी त्याचा संपर्क तुटत नाही. ट्रक कमी होतील, म्हणून त्या नळाचे मी स्वागतच करतो. पण पंचाऐंशी किलोमीटर नळ पुरण्याइतकी अक्कल, पैसा आणि घाई ज्या मुलखात आहे, तेथे नाल्यावर पाच मोऱ्या टाकायला पैसा नाही, हे कोणी मला सांगू नये.

सप्टेंबर २०२४ मधली ती गोष्ट मला लिहायची नव्हती. सणाचा अंक आहे. पण ती टाळून पुढे गेलो तर वरचे सारे नुसते आकडे होतील. अहेरी तालुक्यात एका जोडप्याची दोन लहान मुले तापाने काही तासांच्या अंतराने गेली. आईने एकाला खांद्यावर घेतले, बापाने दुसऱ्याला, आणि चिखलातून, नाल्यांतून ती दोघे सुमारे पंधरा किलोमीटर चालत गावी गेली. कोणीतरी त्यांचे चित्र टिपले, म्हणून आपल्याला कळले. मग खुलासे सुरू झाले. मुलांना आधी पुजाऱ्याकडे नेले होते म्हणे. लगेच शहाण्या माणसांनी अंधश्रद्धेवर बोट ठेवले. पुजारी जवळ असतो, दवाखाना दूर. मुलाच्या अंगात ताप फणफणत असताना आईबाप आधी जवळच्या दाराशी जातात. तुम्ही-आम्ही वेगळे काय केले असते?

अहेरीला एसटीचे आगार आहे. १ जानेवारी २०२५ रोजी तेथून गर्देवाड्याची बस पहिल्यांदा सुटली. मुख्यमंत्री स्वतः तीत बसले. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी तो मुलूख बस पाहत होता. कुजकेपणा करण्याचा मोह होतो, पण करणार नाही. ती बस सुटली हे फार चांगले झाले. माझे मागणे तिच्यापुढचे आहे. ती हारतुऱ्यांच्या जानेवारीत धावली. ती आषाढात धावते की नाही ते पाहावे. रुंदीकरणाआधी रपट्यांची उंची वाढवावी. ट्रकांसाठी डांबराचा थर चढवण्याआधी प्रत्येक टोल्यापासून सडकेपर्यंतची वाट मोऱ्या घालून मुरमाची करावी. ती बिनडौल असली तरी चालेल, पावसाळ्यात तिच्यावरून रुग्णवाहिका जावी म्हणजे झाले. आणि खाणीच्या उत्पन्नातून २०१५ च्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यांत जो खनिज निधी उभा राहिला आहे, त्याचा पहिला रुपया आलापल्लीच्या चौकात चित्रविचित्र दिवे लावण्यात न जाता नाल्यावर जावा.

बातमीचा ठोकळाही बदलायला हरकत नाही. पुढच्या श्रावणात तो छापाल तेव्हा 'संपर्क तुटला' याच्याऐवजी कोणत्या नाल्यावर, किती फुटांचा, कोणत्या साली बांधलेला रपटा बुडाला, एवढे छापा. पोत्याची खोळ घेतलेली ती म्हातारी आलापल्लीला बसून असेलच. तिला वाचता येत नाही, पण तिच्या नातीला येते.