परदेशी निघण्यापूर्वी चार नंबर लिहून घ्या : जाहीर आवाहन



मे महिन्याची सुट्टी जवळ आली. कुणी सहल कंपनीबरोबर युरोपला निघाले आहे, तर कुणी लेकीकडे अमेरिकेत काही महिने राहायला चालले आहे. व्हिसा, विमा, औषधे यांची तयारी सगळेच करतात. त्याबरोबर चार फोन नंबर कागदावर लिहून न्यावेत, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

हॉटेलचे बुकिंग झाले की काही वेळा मेसेज येतो : ‘तुमच्या कार्डाची पडताळणी झालेली नाही. २४ तासांत करा, नाहीतर बुकिंग रद्द होईल.’ त्यात तुमचे नाव, हॉटेल, तारखा सारे अचूक असते, कारण चोरांनी हॉटेलच्या खात्यात शिरून ही माहिती उचललेली असते. दुसरा प्रकार रात्री घडतो. खोलीतला फोन वाजतो आणि ‘रिसेप्शनवरून बोलतोय, सिस्टीम बंद पडली होती, कार्डाचा नंबर पुन्हा सांगा,’ असे कुणीतरी अदबीने म्हणते. दोन्ही वेळी उपाय एकच. लिंक उघडू नका, फोन ठेवून द्या. आपल्याकडच्या नंबरवर आपण स्वतः हॉटेलला फोन लावा, किंवा सरळ खाली काउंटरवर जाऊन विचारा.

‘ओटीपी तर दिला नाही, मग काय होणार?’ हा भरवसा परदेशात चालत नाही. तिकडच्या अनेक वेबसाइट ओटीपी मागतच नाहीत. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे मिळाले की पैसे जातात.

लिहून न्यायचे नंबर असे :

१. बँकेचा. कार्डामागचा १८०० ने सुरू होणारा नंबर परदेशातून बहुधा लागत नाही. +९१ ने सुरू होणारा नंबर बँकेच्या अधिकृत वेबसाइटवरून घ्या.
२. हॉटेलचा, त्यांच्याच वेबसाइटवरून तपासून घेतलेला.
३. प्रवास विमा कंपनीचा.
४. त्या देशातील भारतीय दूतावासाचा.

ऐनवेळी गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधू नका. तिथे चोरांनी पेरलेले नंबरही सापडतात. घरच्यांचे नंबरही +९१ लावून साठवा. भारतीय सिम बंद ठेवू नका, बँकेचे एसएमएस त्यावरच येतात. मात्र रोमिंग पॅक घ्या, कारण पॅक नसेल तर आलेला फोन उचलल्याचेही पैसे पडतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मार्च २०२० पासून नव्या कार्डावर परदेशातले आणि ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात. निघण्यापूर्वी ते बँकेच्या ॲपमधून चालू करा, मर्यादा घाला आणि परतल्यावर बंद करा. हॉटेलच्या अनामतीसाठी डेबिट कार्ड देऊ नका, खात्यातली रक्कम अडकून पडते. दुकानातल्या मशीनने ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असे विचारले तर स्थानिक चलन निवडा. रुपयांचा दर बहुधा महाग पडतो.

पैसे गेलेच तर लगेच बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक आपली किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार पडत नाही. पण माहिती आपणच देऊन बसलो, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान आपले.

बुकिंग करताना तिकिटावरचे नाव पासपोर्टप्रमाणेच हवे. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी हे आवर्जून पाहावे. मुंबईहून बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. १५ तारखेच्या पहाटे दीडचे विमान असेल, तर १४ च्या रात्रीच विमानतळ गाठायचा असतो. बुकिंग रद्द करण्याची मुदत साधारणपणे हॉटेलच्या घड्याळाने मोजतात, आणि न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो, हेही ध्यानात असू द्या.

घरी राहणाऱ्यांनाही एक विनंती. ‘तुमच्या आईचा अपघात झाला, ताबडतोब पैसे पाठवा,’ असा फोन आला, आवाज ओळखीचा वाटला, अगदी दूतावासाचे नाव सांगितले, तरी आधी आईच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन करा. फसवणूक झालीच तर भारतात १९३० या सायबर हेल्पलाइनवर तात्काळ तक्रार नोंदवा.

हे आवाहन सोसायटीच्या फलकावर लावा, ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत वाचून दाखवा. आणि प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाला एवढे बजावा : आलेल्या फोनवर कार्डाची माहिती द्यायची नाही, फोन आपण लावायचा, आपल्या कागदावरच्या नंबरवर.

आपले नम्र,
परिसरातील ग्राहक कार्यकर्ते