उद्भूत म्हणजे भास नव्हे

कोणी शास्त्रज्ञाने ‘गुरुत्वाकर्षण उद्भूत आहे’ म्हटले, की बातमीच्या मथळ्यात त्याचे ‘गुरुत्वाकर्षण हा भास’ होते आणि पाठोपाठ ‘आइन्स्टाइन चुकले’ हेही येते. दोन्ही विधाने अडाणीपणाची आहेत. तापमानही उद्भूतच आहे. एकट्या रेणूला तापमान नसते. म्हणून काही उकळत्या चहाने जीभ भाजायची राहत नाही.

पुण्याच्या ‘आयुका’तील थनू पद्मनाभन (१९५७–२०२१) यांनी वर्षानुवर्षे मांडलेला युक्तिवाद मुळात बोल्ट्झमनचा: जे तापते त्याला सूक्ष्म घटक असतात. घटनाक्षितिजाला तापमान आहे, तेव्हा अवकाशकालालाही घटक असले पाहिजेत. त्याआधी १९९५ मध्ये टेड जेकबसन यांनी आइन्स्टाइनची समीकरणे क्षितिजांच्या उष्मागतिकीतून मिळवली होती. त्यामुळे ती खोटी ठरली नाहीत. वायूचा दाब आणि तापमान यांच्या नियमाशेजारी जाऊन बसली, इतकेच.

मात्र समर्थकांचाही तोल इथेच सुटतो. घटक आहेत एवढे उष्णता सांगते. ते कोणते, हे सांगत नाही. कृष्णविवराची एन्ट्रॉपी प्लांक एककांत क्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या १/४ असते. हा आकडा काही विशिष्ट कृष्णविवरांसाठी स्ट्रिंग सिद्धान्तातून निघतो आणि लूप क्वांटम गुरुत्वातूनही मिळतो. पण लूपमध्ये तो यावा म्हणून बार्बेरो–इमिर्झी नावाच्या स्थिरांकाची किंमत ठरवून घ्यावी लागते. उत्तर पाहून जुळवलेले गणित पुरावा म्हणून कसे चालेल?

कसोटी पुढच्या, लहानशा पदाची आहे. चेन्नईतील इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसमध्ये रोमेश कौल आणि पार्थसारथी मजुमदार यांनी क्षितिजाच्या सूक्ष्म अवस्था मोजल्या आणि २००० साली ते पद प्रसिद्ध केले: क्षेत्रफळाच्या लॉगरिदमची −३/२ पट. या सहगुणकात इमिर्झीची किंमत फिरवून काही साधत नाही. म्हणूनच त्याचे मोल. पुढे २०१२ च्या सुमारास अशोक सेन यांनी घटकांविषयी काहीही गृहीत न धरता, क्षितिजाभोवतीच्या वस्तुमानहीन क्षेत्रांच्या क्वांटम स्पंदनांवरून श्वार्झशिल्ड कृष्णविवरासाठी तेच पद काढले.

दोन्ही उत्तरे जुळली नाहीत. अवकाशकालाचे ‘अणू’ सापडल्याची द्वाही फिरवणाऱ्यांनी आधी या सहगुणकाचा हिशेब द्यावा. तो मथळ्यात मावत नाही हे खरे, पण भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या वहीत सहज मावतो.