वेगळ्या प्रोसेसरला हवेत राखणदार
मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड सर्वांसाठी एकच असला, तरी प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी तो वेगळा कंपाइल करावा लागतो. इंटेल-एएमडीवर लाखो लोकांच्या रोजच्या वापरातून त्यातले दोष उघडे पडतात. कमी प्रचारातल्या प्रोसेसरवर मात्र कुणीतरी मुद्दाम बसून ते शोधावे लागतात. डेबियन या लिनक्स प्रणालीत हे काम करणाऱ्या स्वयंसेवकांना पोर्टर म्हणतात. पॅकेज का तयार झाले नाही याची नोंद वाचायची, बाइट्सचा उलटा क्रम किंवा ३२ बिटांची मर्यादा अशा कारणांचा माग काढायचा आणि दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवायची, असे हे चिकाटीचे काम आहे. पुरेसे हात नसले की त्या प्रोसेसरचे अधिकृत स्थान धोक्यात येते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मधून मिप्स ही प्रोसेसर-रचना बाहेर पडली आणि ६४ बिटांची रिस्क-फाइव्ह ही खुली रचना प्रथमच अधिकृत झाली. भारतासाठी ही दुसरी घटना फार मोलाची, कारण पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा वेगा आणि आयआयटी मद्रासचा शक्ती हे प्रोसेसर याच खुल्या रचनेवर बेतलेले आहेत. देशी चिपवर रोजची सॉफ्टवेअर चालवून पाहणारी माणसे देशातच तयार व्हायला हवीत. क्यूईएमयू हा एम्युलेटर साध्या लॅपटॉपवर रिस्क-फाइव्हचे आभासी यंत्र उभे करतो. त्यामुळे धार किंवा मांडूसारख्या छोट्या ठिकाणच्या विद्यार्थ्यालाही सुरुवातीला वेगळा बोर्ड विकत घ्यावा लागत नाही. वेग कमी मिळतो, आणि अखेरची चाचणी मात्र खऱ्या यंत्रावरच करावी लागते.