पाच टक्क्यांची हमी : रेल्वे इंग्रजांनी ‘दिली’ की रयतेने विकत घेतली?

१/ दरवर्षी १६ एप्रिल उजाडला की १८५३ च्या बोरीबंदर–ठाणे गाडीचे स्मरण होते आणि त्यासोबत एक वाक्य हमखास फिरते : ‘काही म्हणा, इंग्रजांनी रेल्वे तरी दिली.’ यातील ‘दिली’ हे क्रियापद तपासून पाहण्याजोगे आहे. त्यासाठी गाडीपूर्वीचा करार वाचावा लागतो.

२/ १७ ऑगस्ट १८४९. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात करार झाला. जमीन ९९ वर्षांसाठी विनामूल्य. भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी. उत्पन्न कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायची. व्यवहार नकोसा झाल्यास सहा महिन्यांची सूचना देऊन मार्ग सरकारच्या गळ्यात घालण्याची आणि भांडवल परत घेण्याची मुभा.

३/ थोडक्यात, मालकी लंडनच्या भागधारकांची आणि जोखीम येथील रयतेची. त्या काळी सरकारी उत्पन्नाचा सर्वांत मोठा हिस्सा शेतसाऱ्याचा होता. ज्याने आगगाडी डोळ्यांनी पाहिलीही नव्हती, तो शेतकरीही तिची तूट भरत होता.

४/ परिणाम काय झाला? आरंभीचा अंदाज मैलामागे सुमारे ८,००० पौंडांचा होता. १८६० च्या दशकाअखेर प्रत्यक्ष सरासरी सुमारे १८,००० पौंडांवर गेली.

५/ अवघड घाट, रुंद नद्या, विलायतेहून येणारे रूळ ही कारणे खरीच. परंतु मूळ दोष कराराच्या रचनेत होता. व्याज भांडवलावर मिळणार असेल तर भांडवल वाढल्याने भागधारकाचे काय बिघडते? काटकसर करण्याचे त्याला कारणच उरत नाही.

६/ हा केवळ राष्ट्रवाद्यांचा आरोप नव्हे. व्हाइसरॉयच्या मंडळातील माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनीच १८७२ मध्ये संसदीय समितीपुढे साक्ष दिली. तिचा आशय असा : पाच टक्के मिळण्याची खात्री असल्यावर आपला पैसा हुगळीत बुडतो की विटा-चुन्यात जातो, याच्याशी इंग्रज भांडवलदाराला कर्तव्य नव्हते.

७/ बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. १८६७ च्या पावसाळ्यात त्याच घाटातील एक मोठा पूल कोसळला. या कंपनीच्या इतर पुलांचेही दगडकाम निकृष्ट असल्याचे त्या सुमारास उघड झाले. पूल पडला, हमी मात्र अबाधित राहिली.

८/ यावर ठरलेले उत्तर असते : ‘हमीशिवाय भांडवल आलेच नसते, आणि देखरेखीला सरकारी अभियंते होतेच.’ देखरेख होती, हे खरे. पण खर्च झाल्यानंतर तो नामंजूर करणे आणि खर्च करणाऱ्याच्या खिशाला झळ बसणे, यांत महदंतर आहे.

९/ भांडवलाचा मुद्दा तर खुद्द व्हाइसरॉय लॉरेन्स यांनी १८६९ मध्ये निकालात काढला. नफा कंपन्यांचा आणि तोटा सरकारचा, तर सरकारनेच कमी व्याजाने कर्ज काढून रेल्वे का बांधू नये? त्यानंतर सरकारने स्वतः बांधणी हाती घेतली. तोवर ४,००० मैलांहून अधिक मार्ग जुन्या अटींवर बांधून झाला होता.

१०/ पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेविस्ताराचा आर्थिक हिशेब मांडला. पुढे रमेशचंद्र दत्तांनी विचारले की रेल्वेवर एवढा खर्च आणि पाटबंधाऱ्यांवर इतका थोडा का? रेल्वे नको, असे त्यांचे म्हणणे नव्हते. कोणत्या किमतीला आणि कशाच्या बदल्यात, हा त्यांचा प्रश्न होता.

११/ हा प्रश्न १९४७ मध्ये संपला नाही. दाभोळ प्रकल्पाचा १९९३ चा करार आठवा : वीज घेतली वा न घेतली तरी स्थिर आकार द्यायचा, तोही डॉलरशी जोडलेला. वर राज्याची हमी, त्याहीवर केंद्राची प्रतिहमी. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले आणि माधव गोडबोले समितीला या कराराची चिकित्सा करावी लागली. शतक बदलले, कलमांचा वळसा तोच होता.

१२/ म्हणून ‘विकास हवा की नको?’ हा प्रश्नच फसवा आहे. पूल, बोगदा, महामार्ग यांच्या उद्घाटनाची छायाचित्रे पाहताना तीन गोष्टी विचाराव्यात. खर्च वाढला तर भुर्दंड कोणाला? वापर कमी झाला तर तूट कोण भरणार? आणि अंग काढून घेण्याची मुभा कोणाला आहे?

१३/ तिन्हींची उत्तरे एकाच बाजूला ‘जनता’ आणि दुसऱ्या बाजूला ‘कंपनी’ अशी येत असतील, तर तो १८४९ चाच करार आहे, केवळ नव्या मुद्रांक-कागदावर लिहिलेला. रेल्वे आपल्याला कोणी दिली नाही. ती आपल्या पणजोबांनी महागात विकत घेतली, आणि सौदा करताना त्यांना कोणी विचारले नव्हते. आज मतदार असलेल्यांना ती सबब उरलेली नाही.